मातीतील जीवाणू वयात येतात तेव्हा

(बनशंकरी, बंगळूर येथे एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



मी इकडे येत असताना वळवाची एक सर येऊन गेली. आपल्यापैकी बरेच जण दारात थांबून तो ओल्या मातीचा वास घेत होते, हे मी पाहिले. आज त्या वासाच्या उगमाविषयीच बोलावयाचे आहे, म्हणून पावसाने माझी प्रस्तावना परस्परच करून टाकली असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या देवतेवरून या वस्तीला नाव पडले ती बनशंकरी मूळची बदामीची. महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांचीही ती कुलस्वामिनी असून शाकंभरी या नावाने ती ओळखली जाते. माती आणि तीतून उगवणारे अन्न यांची ती देवता. तेव्हा मातीची गोष्ट सांगण्यास हे स्थळ अनुचित नाही.

तो वास ज्या द्रव्याचा असतो त्याला जिओस्मिन म्हणतात. १९६५ मध्ये अमेरिकेत त्याचे हे नामकरण झाले. दहा कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम जिओस्मिन मिसळले तरी आपल्या नाकाला ते ओळखू येते. हे द्रव्य माती तयार करीत नाही. मातीत राहणारे काही सूक्ष्म जीव ते तयार करतात, आणि त्यांत स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जीवाणूंचा वाटा मोठा आहे. हेच जीवाणू आज आपले कथानायक आहेत.

जीवाणू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकटीदुकटी पेशी येते. ती वाढते, दुभंगते, एकीच्या दोन होतात. तिला बालपण नाही, तारुण्य नाही, वार्धक्यही नाही. स्ट्रेप्टोमायसीसच्या बाबतीत हे चित्र साफ चुकीचे ठरते. याच्या बीजाणूला ओल मिळाली म्हणजे त्यातून एक तंतू फुटतो. तो तंतू फांद्या काढीत मातीच्या कणांत शिरतो आणि बुरशीसारखे जाळे विणतो. काही काळाने अन्न आटू लागते. मग या जाळ्यातून दुसऱ्या जातीचे तंतू वर हवेत उभे राहतात. त्यासाठी त्यांना पाण्याच्या पृष्ठताणाचा पडदा फोडावा लागतो, आणि तो फोडता यावा म्हणून जाळे काही खास प्रथिने बाहेर सोडते. वर आलेल्या तंतूंत एकाच वेळी अनेक आडवे पडदे पडतात, आणि माळेतील मण्यांप्रमाणे बीजाणूंची रांग तयार होते. खालचे जुने जाळे या काळात मोठ्या प्रमाणावर मरते. त्याचेच शरीर वरच्या पिढीचे अन्न होते.

बाल्यापासून संततीपर्यंतचा असा क्रम ज्या जीवाला आहे त्याला विकास आहे असेच म्हटले पाहिजे. आणि विकास म्हटला की एक जुना प्रश्न उभा राहतो: कोणत्या वेळी काय करावयाचे, हे कोण ठरविते?

आपण ग्रंथालयात बसलो आहोत, म्हणून येथलाच दाखला देतो. स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जातीचा संपूर्ण आनुवंशिक लेख जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची लांबी सुमारे ८५ लाख अक्षरे आहे आणि त्यात सात हजारांवर जनुके आहेत. कपाटात सात हजार पुस्तके आहेत असे समजा. जाळ्यातील तंतूजवळ तीच सात हजार, हवेतल्या तंतूजवळही तीच सात हजार. फरक पडतो तो कोणते पुस्तक खाली काढून वाचले जाते यामुळे. जनुकाची आधी आरएनएच्या रूपाने नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन घडते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. जे जनुक वाचले गेले नाही ते कपाटात असून नसल्यासारखे. तेव्हा आपला प्रश्न असा होतो की, विशिष्ट दिवशी विशिष्ट पुस्तक काढावयास सांगणारा निरोप कोठून येतो?

या प्रश्नाशी माझी गाठ कशी पडली ते आधी सांगतो.

तरुणपणी मी एका लहानशा प्रयोगशाळेत जीवाणूंचे वाण सांभाळण्याच्या कामावर होतो. परीक्षानळीत आगर तिरपे थिजवून त्यावर जीवाणू वाढवावयाचे, ठराविक मुदतीने नव्या नळीत त्यांची बदली करावयाची, नोंदवहीत लिहावयाचे; असे ते काम. त्या नळ्यांना आम्ही स्लँट म्हणत असू. स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसचा स्लँट चांगला वाढला म्हणजे त्यावर पिठूळ करडी साय धरे. ग्रिसियस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी करडा असा आहे. एका एप्रिल महिन्यात आमचे उबवणीचे कपाट बिघडले आणि त्यातील तापमान चार-पाच दिवस अधिक राहिले. त्या नळ्यांतून मी पुढे ज्या थाळ्या पेरल्या, त्यांवर करड्या वसाहतींच्या जोडीला पुष्कळशा गुळगुळीत, ओलसर, टकलासारख्या दिसणाऱ्या वसाहती उगवल्या. त्यांना बीजाणू नव्हते, आणि तपासल्यावर त्यांच्यात स्ट्रेप्टोमायसीनही आढळले नाही.

हा दुहेरी तोटा का व्हावा, याचा विचार मला सुचला नाही. वाण बिघडला म्हणून बोलणी बसली, ती मी मुकाट्याने ऐकली, आणि सर्व थाळ्या वाफेच्या भांड्यात घालून नष्ट केल्या. त्याआधी मात्र एक गोष्ट माझ्या नजरेस आली होती. काही टकल्या वसाहतींची एकच कड करडी झालेली होती, आणि ती कड नेमकी शेजारच्या निरोगी वसाहतीकडे तोंड करून होती. नोंदवहीत मी तिच्यापुढे ‘भेसळ’ असा एका शब्दाचा शेरा लिहिला. ती नोंदवही आजही माझ्याजवळ आहे.

ती भेसळ नव्हती. जे मी कचऱ्यात टाकले ते सोव्हिएत रशियात ए. एस. खोखलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी माझ्या आधीच, १९६७ मध्ये, नीट पाहिले होते. त्यांच्याकडेही असाच बीजाणू व स्ट्रेप्टोमायसीन या दोहोंना मुकलेला वाण होता. निरोगी वाणाच्या गाळलेल्या द्रवाचा अल्प अंश त्याला दिला असता दोन्ही गुण परत आले. त्या द्रवातून त्यांनी एक लहानसा रेणू वेगळा काढला आणि त्याला ए-घटक असे नाव दिले. त्या काळी रशियन नियतकालिके आमच्यापर्यंत क्वचितच पोहोचत, पण ही सबब पुरेशी नाही. कड करडी होती, आणि डोळे माझेच होते.

ए-घटक ही काय चीज आहे? तेरा कार्बन अणूंचा, मेदाम्लाच्या शेपटीचा एक साधा रेणू. तो पेशीच्या आवरणातून अडथळ्याशिवाय आरपार जातो. प्रत्येक तंतू तो थोडा थोडा तयार करीत असतो. तंतू विरळ असतात तोवर तो आसपासच्या ओलाव्यात विरून जातो. जाळे दाट झाले की साठू लागतो. त्याची किती मात्रा पुरते याचा हिशेब आपण करू. एका लिटरात एक नॅनोमोल, म्हणजे सुमारे पाव मायक्रोग्रॅम, एवढ्याने काम भागते. याचाच अर्थ एक ग्रॅम ए-घटक सुमारे ४० लाख लिटर पाण्याला पुरेल. बंगळूरच्या रहिवाशांना लिटरांपेक्षा टँकर लवकर समजतो, म्हणून सांगतो: बारा हजार लिटरांचे सव्वातीनशेहून अधिक टँकर रांगेने उभे करा आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम टाका.

एवढ्या अल्प द्रव्याने सबंध जीवाचा कायापालट कसा व्हावा? या कोड्याचा उलगडा टोकियो विद्यापीठात तेरुहिको बेप्पू, सुएहारु होरिनोउची आणि त्यांचे विद्यार्थी यांनी केला. हे काम वीस-पंचवीस वर्षे चालले होते, आणि त्यातील चिकाटीचे मला राहून राहून कौतुक वाटते. कथा अशी आहे. पेशीत आर्प-ए नावाचे एक प्रथिन असते. ते पहारेकऱ्याचे काम करते. एका विशिष्ट जनुकाच्या आरंभीच्या जागेवर ते ठाण मांडून बसते, त्यामुळे त्या जनुकाची नक्कल निघू शकत नाही. ए-घटक पेशीत शिरून या पहारेकऱ्याला चिकटला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि डीएनएवरची त्याची पकड सुटते. पहारा उठला की जनुक मोकळे होते. ते जनुक ज्या प्रथिनाची आज्ञा देते त्याचे नाव ॲडप-ए. याला आपण कारभारी म्हणू, कारण हे एकटे शेकडो जनुकांच्या दारी जाऊन त्यांना जागे करते. पहारेकऱ्याचे जनुक १९९५ मध्ये हाती लागले, कारभाऱ्याचे १९९९ मध्ये.

कारभारी ज्यांना जागे करतो त्यांत दोन घराणी महत्त्वाची. एक हवेतले तंतू उभारणाऱ्या जनुकांचे, दुसरे स्ट्रेप्टोमायसीन बनविणाऱ्या जनुकांचे. माझ्या टकल्या वसाहतींना दोन्ही गोष्टी एकदमच का गमवाव्या लागल्या, याचे उत्तर येथे आहे. या जीवाणूचे गुणसूत्र वर्तुळाकार नसून सरळ आहे, आणि ए-घटक तयार करणारे जनुक त्याच्या एका टोकाजवळ आहे. सरळ दोरीची टोके उसवतात, तशी या गुणसूत्राचीही टोके तुटण्याचा संभव अधिक. टोक गेले की ते जनुक गेले. पहारेकरी जागचा हलत नाही, आणि पुढची सारी व्यवस्था शाबूत असूनही निजून राहते. बाहेरून निरोप मिळाला की ती जागी होते. म्हणून शेजाऱ्याकडची कड तेवढी करडी.

आता यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. स्ट्रेप्टोमायसीन हे जीवाणूंचे विष आहे. ते त्यांच्या प्रथिने घडविण्याच्या यंत्रणेत, म्हणजे रायबोसोममध्ये, बिघाड करते. पण स्ट्रेप्टोमायसीस हा स्वतः जीवाणूच. मग तो आपल्याच विषाने कसा मरत नाही? कारभारी प्रथिन स्ट्र-आर या जनुकाला जागे करते आणि स्ट्र-आर पुढे विष बनविणाऱ्या जनुकांना हाक देते. या स्ट्र-आरला अगदी लागून, त्याच ओळीत, दुसरे एक जनुक आहे. ते अशा एन्झाइमचे आहे की जे स्ट्रेप्टोमायसीनला फॉस्फेटचा तुकडा जोडून निरुपद्रवी करते. दोन्ही जनुकांची नक्कल एका दमात निघते. तलवार उपसण्याचा हुकूम आणि ढाल उचलण्याचा हुकूम एकाच वाक्यात लिहिलेला आहे.

विष याच वेळी का हवे, याविषयी शास्त्रज्ञांचा तर्क असा की, खालचे जाळे मरून जे अन्न मोकळे होते त्यावर भोवतालचे इतर जीवाणू तुटून पडतील, आणि त्यांना दूर ठेवण्याची गरज नेमकी तेव्हाच असते. हा तर्क मला पटतो. परंतु मातीत प्रत्यक्ष काय घडते हे पाहणे थाळीत पाहण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, हेही लक्षात ठेवावे.

माझ्या थोरल्या बहिणीला १९६१ मध्ये क्षय झाला होता. तिला स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने मिळाली आणि ती वाचली. एका कानाने तिला पुढे ऐकू येईनासे झाले, कारण हे औषध कानाच्या नसांवर आघात करते. ज्या द्रव्याने ती जगली आणि तिचा कान गेला, ते एका जीवाणूने आपल्या वयात येण्याच्या धामधुमीत आपल्या शिदोरीच्या राखणीसाठी तयार केलेले होते. ते औषध आहे असे आपण म्हणतो. त्याच्या लेखी तसे काही नाही.

औषध म्हणून या द्रव्याचा इतिहास आपण जाणताच. अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते शोधले. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समनना मिळाले. शाट्झ यांना न्यायालयात जावे लागले, आणि सहसंशोधक म्हणून त्यांचे नाव मान्य झाले ते त्यानंतरच. आपल्या देशात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाली. तेथे आधी पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊ लागले. त्या संस्थेतील संशोधनाचे एक प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे आपल्या कर्नाटकातले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारे हमायसीन हे प्रतिजैविक शोधले. ते देणाऱ्या जीवाणूचे नाव त्यांनी स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे ठेवले. जीवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव अमर झाले, हे पुण्याच्याही फार लोकांना ठाऊक नसते.

क्षयाच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसीनचे स्थान आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. तोंडाने घेण्याची, अधिक सुरक्षित औषधे आली. पण क्षयाचा जंतू आपल्या कथेत दुसऱ्या बाजूने पुन्हा येतो. तो आणि स्ट्रेप्टोमायसीस हे एकाच विशाल कुळातले, दूरचे भाऊबंद आहेत. अन्न तुटले म्हणजे पेशीच्या आत एक लहानसा रेणू तयार होतो, आणि तो नकला काढणाऱ्या यंत्रणेचा रोख वाढीकडून तग धरण्याकडे वळवितो. १९६९ मध्ये त्याचा प्रथम शोध लागला तेव्हा कागदावर उमटलेल्या अनपेक्षित ठिपक्यावरून त्याला जादूचा ठिपका असे गमतीने म्हणत. क्षयाच्या जंतूला शरीरात दीर्घकाळ दबा धरून राहण्यास हा रेणू लागतो. येथून काही मैलांवर, भारतीय विज्ञान संस्थेत, दीपंकर चॅटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्षयाच्या जंतूच्या निरुपद्रवी नातलगांत या रेणूचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. बहिणीच्या फुप्फुसातील जंतू आणि तिला दिलेले औषध यांचे मूळ असे भूक लागलेल्या दोन चुलतभावांपर्यंत जाते.

एवढ्यावरून सर्व कारभार ए-घटकच करतो असा समज करून घेऊ नये. प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी आहे. स्ट्रेप्टोमायसीसच्याच दुसऱ्या एका जातीत २०१४ मध्ये असे आढळले की, बीजाणू बनविणाऱ्या जनुकांवरचा एक पहारेकरी प्रथिनाच्या दोन प्रती एकत्र आल्यावरच पहारा देऊ शकतो. त्यांना एकत्र धरून ठेवणारा डिंक म्हणजे पेशीतला एक लहान वर्तुळाकार निरोप-रेणू. तो असेपर्यंत वाढ चालू राहते. त्याचे प्रमाण घसरले की जोड्या सुटतात आणि बीजाणूंचे पर्व सुरू होते. म्हणजे येथे नियम उलटा: ए-घटक आल्याने पहारा उठतो, हा गेल्याने उठतो. मिक्सोकॉकस नावाच्या जीवाणूत तर निरोपाचा एक भाग पेशींचा पेशींना प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावाचून पोहोचतच नाही.

वेळेचेही महत्त्व आहे. ए-घटक वाढीच्या सुरुवातीच्या काही तासांत मिळाला तर उपयोगी पडतो. मुदत टळल्यावर कितीही ओतला तरी औषध तयार होत नाही. पेशी जणू एका ठराविक काळापुरतीच कान उघडे ठेवते. ते नंतर का मिटतात, याचे पूर्ण उत्तर मजजवळ नाही.

आता त्या वासाकडे परत येतो. जिओस्मिन बनविणारे जनुक कधी जागे होते? २०२० मध्ये स्वीडन व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखविले की, बीजाणू घडविण्याचा क्रम चालविणारी नियामक प्रथिनेच या जनुकालाही जागे करतात. मातीत स्प्रिंगटेल नावाचे बारीक, उड्या मारणारे सहापायी प्राणी असतात. ते या वासाकडे ओढले जातात, जीवाणूंचे जाळे खातात, आणि अंगाला चिकटलेले व विष्ठेतून पडणारे बीजाणू इतस्ततः पसरवितात. बाहेर दारात आपण जो वास घेत होतो तो मूळ आपल्यासाठी नव्हता. बीजाणू तयार आहेत, घेऊन जा, असे ते बोलावणे होते, आणि आपल्या नाकाने ते मधल्यामध्ये ऐकले.

ग्रिसियसच्या त्या सात हजार पुस्तकांत निरनिराळी औषधी व इतर द्रव्ये बनविणारे तीसहून अधिक संच आढळले आहेत. त्यांतील पुष्कळसे प्रयोगशाळेच्या थाळीत कधी उघडतच नाहीत. त्यांचे पहारेकरी कोण, आणि कोणाच्या निरोपाने ते उठतील, हे शोधण्याचे काम आज अनेक देशांत चालू आहे. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, त्यासाठी लागणारी माती तुरहळ्ळीच्या रानातही आहे आणि तुमच्या घरामागच्या केळीच्या आळ्यातही आहे.

मागच्या टेबलावर मी दोन थाळ्या ठेवल्या आहेत. त्या एका विद्यार्थिनीने परिश्रमपूर्वक तयार करून दिल्या आहेत. पहिलीत टकली वसाहत एकटी आहे. दुसरीत तिच्या डाव्या बाजूला, बोटभर अंतरावर, निरोगी वसाहत पेरलेली आहे. भिंग ठेवले आहे, त्यातून डावी कड पाहा. झाकण मात्र कोणी उघडू नये.